बाईंचा नापास गुडघा

उदगीर जिल्हा होणार की नाही याबद्दल सरकारला शंका असेल, आमच्या बाईंना कधीच नव्हती. त्या पत्ता लिहायच्या तो 'मुक्काम पोस्ट उदगीर, जिल्हा उदगीर' असाच. गॅस एजन्सीतल्या माणसानं एकदा धीर करून सांगितलं की बाई, जिल्हा लातूर आहे. बाई म्हणाल्या, "आज हाय. पण कागद उद्याबी राहणार हाय ना?" त्या माणसानं निमूट शिक्का मारला.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक स्वच्छ, हवेशीर खोली कुलूप लावून ठेवलेली होती. मी भोकरची. उदगीरच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवायला आले होते आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले होते. वरची खोली बघून मी ती मागितली. बाई म्हणाल्या, ती लागलेली आहे. कुणाला, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, कलेक्टर ऑफिसातल्या साहेबाला. मी म्हटलं, इथं कलेक्टर ऑफिस कुठंय? त्यावर त्यांनी वर्गातल्या ढ मुलीकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "येईल की. आल्यावर साहेबानं काय रस्त्यावर राहायचं?"

मला खालची, मागच्या बाजूची खोली मिळाली. माझं नाव त्यांनी विचारलं नाही, गाव विचारलं. त्या दिवसापासून मी 'भोकर' झाले. माझ्या आधी त्या खोलीत 'देगलूर' राहत होती, तिच्या आधी 'अहमदपूर'. "ए भोकर, दूध उतू चाललंय," अशी हाक ऐकून आल्यागेल्याला वाटायचं, या बाई एका अख्ख्या तालुक्याला दटावताहेत.

ते दुष्काळाचे दिवस होते. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साल. आमच्याकडं नळ कधी येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. बाईंच्या अंगणात तीन पिंपं होती आणि त्या पिंपांनाही त्यांनी हुद्दे दिले होते. प्यायच्या पाण्याचं ते कलेक्टर, धुण्याभांड्याचं तहसीलदार आणि संडासाकडचं तलाठी. अंघोळीचं पाणी खाली परातीत धरून तलाठ्यात ओतायचं, असा नियम. नवी आलेली मी एकदा कलेक्टरमध्ये तांब्या बुडवून तोंड धुवायला निघाले, तर बाई आतून ओरडल्या नाहीत. बाहेर आल्या, माझ्या हातातला तांब्या घेतला, पाणी परत पिंपात ओतलं आणि म्हणाल्या, "तोंड धुवायला कलेक्टर लागत न्हाई. तहसीलदार बास हाय."

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा बाई अजून बोलायला शिकल्या नव्हत्या. गावच्या शाळेत त्या बाहेरच्या ओट्याजवळ, वर्गाच्या कडेला बसून शिकल्या. वडील मजुरीला जाताना रोज एकच सांगायचे, शिक आणि खुर्चीत बस. बाईंनी ते शब्दशः घेतलं होतं. त्या कुणाच्याही घरी गेल्या तर खाली सतरंजीवर बसत नसत. लग्नात, बारशात, अगदी मयतीतसुद्धा खुर्ची येईपर्यंत उभ्या राहत. त्यात मिजास नव्हती. माणसं खुर्ची आणून देत, बाई बसत आणि मग दुसऱ्याला जवळ बोलावून आपल्या शेजारी खुर्ची द्यायला लावत.

शाळेत त्यांनी शिकवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे लेझीम. ज्या गावात बदली होईल तिथं मुलींचं लेझीम पथक उभं राही. पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीत बाई स्वतः पुढं असायच्या, पदर खोचून. पोरींना त्या सांगायच्या, पाय दुखायला लागला की समजायचं, आता खरा खेळ सुरू झाला.

गुडघा कधी दुखायला लागला ते त्यांनाही नक्की सांगता यायचं नाही. मी राहायला गेले तेव्हा त्या वरच्या खोलीचा जिना कडेकडेनं, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायच्या. रोज सकाळी वर जाऊन ती रिकामी खोली झाडायच्या. मी म्हणायची, द्या मी झाडते. त्या म्हणायच्या, "तुझं झाडणं मला माहीत हाय. कोपरे सोडतीस."

त्यांचा मुलगा मिलिंद हैदराबादला इंजिनिअर. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो फार लवकर गेला, त्यामुळं मायलेकरं एकमेकांचीच. मिलिंद दिवाळीला आला आणि आईला जिना चढताना बघून त्याच पायरीवर बसला. त्यानं लातूरच्या डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवलं. उजवा गुडघा बदलायचा. बाईंना ते ऐकून भीती वाटली नाही, अभिमान वाटला. आमच्या गल्लीत कुणाचा गुडघा बदललेला नव्हता. निघायच्या दिवशी त्या गल्लीत प्रत्येक दारापुढं थांबून सांगत गेल्या की मी नवा गुडघा बसवायला चाललेय, परत आल्यावर जिना सरळ चढून दाखवीन. समोरच्या शमीमभाभी शिलाई मशीन थांबवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, अल्ला खैर करे. आके हमकोबी लेझीम सिखाओ."

ऑपरेशन चांगलं झालं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक डॉक्टरला दोष देतात. डॉक्टर भला माणूस होता. जखम वेळेवर भरली, ताप आला नाही, बाई वॉकर घेऊन चालायला लागल्या, मग काठीवर आल्या, मग काठीही सुटली. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येई, तिनं सांगितलेलं बाई शाळेच्या वेळापत्रकासारखं पाळत. गुडघा वाकायचा तेवढा वाकला. फक्त दुखायचा थांबला नाही.

पहिले काही महिने सगळे म्हणाले, थोडं दुखणारच. नंतर म्हणाले, वर्षभर लागतं. वर्षही गेलं. जुन्या गुडघ्याचं दुखणं बाईंना ओळखीचं होतं, जिना चढला की यायचं, बसलं की जायचं. हे नवं दुखणं बसूनही जात नव्हतं. झोपेत चादर घासली तरी आग व्हायची. कधी आतून कुणी तार ओढल्यासारखी कळ यायची आणि बोलता बोलता बाईंचं वाक्य अर्धवट राहायचं.

लातूरला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, रक्त तपासलं, फिल्म उजेडापुढं धरली आणि खूश झाले. म्हणाले, इतका सरळ बसलेला गुडघा क्वचित दिसतो. काही सैल नाही, कुठं जंतू नाहीत. दुखायचं काही कारण नाही. बाईंनी मान हलवली, धन्यवाद दिले. एसटीत बसल्यावर मला म्हणाल्या, "फोटोतला गुडघा लई चांगला हाय. तोच बसवा म्हणायला पायजे होतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून बाईंनी दुखतंय म्हणणं सोडलं. जे फोटोत नाही ते बोलायचं कसं, असं त्यांना वाटत असावं. गल्लीतल्या बायका विचारत, तेव्हा त्या "मस्त हाय" म्हणत आणि दार लावून घेत. गल्लीला त्यांचं लंगडत चालणं दिसत होतंच. मग कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, लेकाला जवळ बोलवायला सोंग करतेय. कुणी म्हणालं, इतकं महागाचं करूनही रडगाणं. शमीमभाभींनी मात्र एकदा मला थांबवून हळूच विचारलं, "बाई का आवाज किधर गया? पहिले तो हमको मशीन के आवाज में बी सुनाई देता था."

वरची खोली आता मी झाडत होते. बाई जिन्याच्या खाली उभ्या राहून विचारायच्या, कोपरे झाडलेस का. जिना सरळ चढून दाखवीन म्हणाल्या होत्या, ते गल्लीत कुणी विसरलं नव्हतं आणि बाई तर नव्हत्याच नव्हत्या. एक दिवस त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, जिल्हा होईपर्यंत तू राहा वर. मी खूश झाले. एवढी मोठी खिडकी मला जन्मात मिळाली नव्हती. सामान वर नेताना बघितलं तर बाई खाली खुर्चीत बसून जिन्याकडं पाठ फिरवून होत्या.

एका दुपारी मी पेपर तपासत अंगणात बसले होते. बाई बराच वेळ माझ्या लाल पेनाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, सगळा वर्ग पास झाला आणि एकच नापास झालं तर तू कुणाला दोष देतेस? मी म्हटलं, त्या मुलालाच. शिकवणं वाईट असतं तर बाकीचे कसे पास झाले असते?

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "डॉक्टरनं एवढ्या लोकांचे गुडघे केले. सगळ्यांचे पास झाले. माझाच नापास झाला. म्हणजे दोष कुणात हाय?"

मी म्हटलं, बाई, गुडघा काय परीक्षा आहे का? त्या म्हणाल्या, "तुला न्हाई कळायचं. आमच्यातल्या माणसाला नापास व्हायची मुभा नव्हती. मी एकदा गणितात पडले असते तर गुरुजी म्हणले असते, बघा, म्हणलं नव्हतं का. माझ्यामागं वस्तीतल्या सगळ्या पोरी होत्या. म्हणून पडलेच न्हाई. कधीच पडले न्हाई. आणि आता या वयात पडले ते असं, लेकाच्या कष्टावर."

त्यांनी पदर ओढून गुडघा झाकला. झाकलेलाच होता, तरी पुन्हा झाकला. ही सवय त्यांना तेव्हापासूनच लागली होती. गुडघ्याकडं कुणाची नजर गेली की हात आपोआप पदराकडं जाई, जसं काही तिथं चोरीचा माल ठेवलाय.

दर रविवारी सकाळी मिलिंदचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याला आईला चालताना बघायचं असे. फोन मी धरायची. बाई केस नीट करायच्या, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहायच्या, मग हात सोडून दारापासून फाटकापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. चेहऱ्यावर हसू. तिकडून मिलिंद आपल्या बायकोला हाक मारून दाखवायचा, बघ आई कशी चालतेय. बाई म्हणायच्या, "एकदम झकास हाय रे. तू जेवलास का?" फोन बंद झाला की त्या भिंतीला हात लावून उभ्या राहत. थोड्या वेळानं चुलीपाशी जाऊन माझ्यासाठी धपाटे करत. माझ्या तोंडात घास असेपर्यंत मी काही विचारणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मीही विचारत नसे.

मग लातूरच्या दवाखान्यानं मेळावा घेतला. गुडघे बदललेल्या लोकांचा मेळावा. नवे पेशंट, त्यांचे नातेवाईक समोर बसणार आणि जुने पेशंट स्टेजवर येऊन चालून दाखवणार. डॉक्टरांनी स्वतः फोन करून बाईंना बोलावलं, निवृत्त मुख्याध्यापिका, बोलतील चांगलं. मला वाटलं बाई नाही म्हणतील. पण मिलिंदलाही निरोप गेला होता आणि तो खास रजा काढून आला. त्याचा उत्साह बघून बाईंनी पांढरी साडी काढली.

मंडप भरलेला होता. बाहेर टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती घागरींची रांग होती, आत पंख्यांखाली आम्ही. एक आजोबा स्टेजवर पायऱ्या चढून-उतरून गेले. एक बाई नातवाला कडेवर घेऊन चालल्या. मग आमच्या बाईंचं नाव पुकारलं. त्यांनी माईक हातात घेतला आणि त्यांचा जुना आवाज परत आला. म्हणाल्या, भिऊ नका, मी भ्याले नाही, आज बघा माझ्याकडं. डॉक्टरांनी गमतीनं विचारलं, मॅडम लेझीम शिकवायच्या ना? कुणीतरी हलगी वाजवायला लागलं. लेझीमही तिथं होती, शाळेच्या मुली स्वागताला आल्या होत्या.

बाईंनी लेझीम घेतली. पदर खोचला. आणि त्या खेळल्या. चार पावलं पुढं, वळसा, झुकून घाव, परत वळसा. मंडप टाळ्यांनी दणाणला. मिलिंद उभा राहून शूटिंग करत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. वळसा घेताना बाईंचा उजवा पाय जमिनीवर टेकायचा तेव्हा त्यांची मान किंचित मागं जायची. ते मला दिसत होतं, कारण दर रविवारी फोनच्या मागं मीच असायची.

खाली उतरल्यावर एक बाई वाट काढत आल्या. मुरुडकडच्या. दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेले, सुनेच्या खांद्यावर हात. त्यांनी आधी वाकून बाईंच्या गुडघ्याला साडीवरून हात लावला. मग हळू आवाजात, स्टेजवरच्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "मॅडम, आपल्यातच सांगा. खरंच दुखत न्हाई?"

बाई म्हणाल्या, "न्हाई."

"शप्पथ?"

"न्हाई दुखत. करून घ्या तुम्ही."

त्या रात्री मिलिंद हैदराबादला परत गेला. पुढचे कित्येक दिवस बाई अंथरुणावरून फक्त गरजेपुरत्या उठल्या. दुखण्याबद्दल चकार शब्द नाही. पण मुरुडच्या बाईचा विषय मात्र सारखा काढायच्या. तिला त्यांनी लगेच 'मुरुड' असं नाव दिलं होतं. मुरुडनं केलं असेल का. मुरुडचं काय झालं असेल. तिनं शपथ विचारली होती, मी शपथ घेतली नाही, फक्त नाही म्हणाले, असं स्वतःलाच समजावायच्या आणि मग म्हणायच्या, तेही तेच की. शेवटी काही महिन्यांनी दवाखान्यात फोन करून विचारलं. मुरुडच्या बाईंनी पुढच्याच महिन्यात दोन्ही गुडघे करून घेतले होते.

त्यानंतर बाईंना घरात चैन पडेना. उन्हाळा पुरता तापला होता तरी त्यांनी हट्ट धरला की मुरुडला जायचं. उदगीरहून लातूर, लातूरहून दुसरी गाडी. मी म्हटलं, फोनवर बोला. त्या म्हणाल्या, "तोंडावर खोटं बोलले. खरं फोनवर बोलू?"

एसटीत त्यांनी पाय सीटखाली न घालता बाहेर लांब ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागायचा. दर धक्क्याला त्या खिडकीबाहेर बघायच्या. बाहेर काही नव्हतं. काळी, भेगाळलेली रानं आणि मध्येच टँकरची वाट बघणारे ड्रम.

मुरुडला घर सापडलं तेव्हा त्या बाई दारात नव्हत्या. सून म्हणाली, आत्या हौदावर गेल्यात, येतीलच. आणि त्या आल्या. कमरेवर घागर, पाय सरळ, चालणं असं की मी आधी ओळखलंच नाही. बाईंना बघताच घागर खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात धरले. सुनेला सांगून खुर्ची आणवली, कुंकवाचा करंडा आणवला, पुन्हा बाजूला ठेवला, चहा टाकायला लावला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत राहिल्या की ह्याच त्या मॅडम, ह्यांना बघून म्या धीर केला, आता दुखणं कसं असतं ते आठवतबी न्हाई.

बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. चहाची बशी त्यांच्या हातात तशीच होती. मग त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. माझा पाय दुखतो. त्या दिवशीबी दुखत होता. कधी थांबलाच न्हाई."

मुरुडच्या बाई हसल्या. खरंच हसल्या, वाईट हेतूनं नाही. म्हणाल्या, "काय तरी बोललालाव मॅडम. माझे दोन हायत, एकबी दुखत न्हाई. तुमचा एक कसा दुखंल?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. रात्री चादर लागली तरी आग होते, तार ओढल्यासारखी कळ येते, असं सगळं, जे त्यांनी मलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. मुरुडच्या बाईंचा चेहरा हळूहळू बदलला. त्यात कीव आली आणि कीवेबरोबर थोडा शहाणपणा आला. त्या म्हणाल्या, "यायाम करत नसताल. मला रोज करावा लागतो. जरा मन घट्ट करायला पायजे, मॅडम. तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी असं केलं तर आमी कुणाकडं बघावं?"

बाईंनी मान खाली घातली, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरीनं घालावी तशी. चहा पिऊन टाकला आणि म्हणाल्या, येतो आम्ही.

लातूरच्या स्टँडवर उदगीरची गाडी लागायला वेळ होता. एका पोरानं बाईंचं चालणं बघून बाकावरची जागा सोडली. बाई बसल्या, आणि म्हणाल्या, "पूर्वी लोक मला खुर्ची देत होते ते बाई म्हणून. आता लंगडी म्हणून देतेत." मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या हयातीत कुणाला सांगितलं नाही.

म्हणाल्या, "पाय दुखतो म्हणणाऱ्या पोरीला मी आयुष्यभर कामचुकार समजले. आज ते माझ्या पदरात पडलं, त्याचं काही न्हाई. पण भोकर, तिला घागर घेऊन येताना बघितलं तेव्हा मला बरं वाटायला पायजे होतं. माझ्या खोट्यानं तिचं वाईट झालं न्हाई म्हणून मी हात जोडायला पायजे होते. मला बरं वाटलं न्हाई. मला वाटलं, हिचाबी दुखायला पायजे होता. एक तरी."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं.

"एवढी वाईट न्हवते मी," त्या म्हणाल्या. "दुखणं माणसाला असलं बी करतं, हे कुणी सांगितलं न्हवतं."

उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही. मला पुढं नांदेडला कायम नोकरी लागली आणि मी ती मोठ्या खिडकीची खोली सोडली. बाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या आणि गुडघा शेवटपर्यंत दुखत राहिला. डॉक्टरांनी नंतर खरं सांगितलं, ते ऐकायला मीही सोबत होते. ते म्हणाले, काही लोकांचं दुखणं राहतं, सगळं नीट होऊनही राहतं, का राहतं ते आम्हाला प्रत्येक वेळी कळत नाही. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं आणि तुम्हाला स्टेजवर उभं करायला नको होतं. असं म्हणताना त्यांनी फिल्म उजेडापुढं धरली नाही, टेबलावर पालथी ठेवली. त्यांनी नसांचं दुखणं कमी करणारी गोळी दिली, चालण्याचे वेगळे व्यायाम दिले. त्यानं रात्रीची आग थोडी कमी झाली. बाई मला फोनवर सांगायच्या, "आता चादर सोसते. ब्लँकेट न्हाई सोसत." आणि दुखतंय हा शब्द त्या साधेपणानं वापरायला लागल्या, ऊन आहे, पाणी नाही, तसं.

पण हे सगळं झालं ते मिलिंद आल्यामुळं, आणि त्याच्या येण्याचं मात्र मला सांगायचं आहे.

मुरुडहून परत आल्यावरच्या रविवारी नेहमीप्रमाणे त्याचा कॉल आला. मी फोन धरला. बाई खुर्चीतून उठल्याच नाहीत. मिलिंद म्हणाला, आई, चाल की. बाई म्हणाल्या, "आज चालून दाखवत न्हाई. पाय दुखलालाय."

तो म्हणाला, जास्त चाललीस का?

"न्हाई. आपरेशन झाल्यापासून दुखतोय. तुला दर रविवारी खोटं दाखवलं. तू एवढं केलंस, आणि मला बरं होता आलं न्हाई रे."

फोनमधला त्याचा चेहरा हलेना. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तो बाजूला झाला, तिथं फक्त भिंत दिसायला लागली, आणि फोन बंद झाला. बाई म्हणाल्या, रागावला. दिवसभर त्यांनी काही खाल्लं नाही. धपाटेही केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा होता, सोबत सामान नाही, फक्त ऑफिसची बॅग. तो आत येऊन खुर्चीत बसला नाही. आईच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसला. बाईंचा हात लगेच पदराकडं गेला. त्यानं तो हात धरून बाजूला ठेवला आणि विचारलं, कुठं दुखतं?

मी उठून जायला निघाले तर बाई म्हणाल्या, थांब. मग त्यांनी साडी गुडघ्याच्या वर घेतली. तो व्रण मीही तेव्हाच पहिल्यांदा बघितला, सरळ, फिकट, कुणी पट्टी धरून आखल्यासारखा. त्यांनी बोट ठेवलं. "इथं. आणि इथून खाली. आणि कधी कधी मागं, आतून."

मिलिंदनं व्रणावर तळहात ठेवला. तो रडत होता, आवाज न करता, खाली बघून, मोठ्या माणसाला रडताना लाज वाटते तसा. म्हणाला, मी दर आठवड्याला तुला चालायला लावत होतो.

बाईंनी दात घट्ट आवळले. थोडा वेळ सोसलं. मग म्हणाल्या, "हात काढ मिलिंद, दुखलालंय."

त्यानं चटका बसल्यासारखा हात काढला आणि उठायला लागला. बाईंनी त्याच्या शर्टाची बाही धरली.

"उठू नको. हात काढ म्हणलं. बस इथंच."